साहेबांच्या केबिनमधला कबुलीजबाब

(चिपळूणमध्ये कारखानदार, एचआरवाले आणि तरुण वकील यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कंपनीची अंतर्गत चौकशी आणि फौजदारी पुरावा’. तो वाचूनच पुढच्या रांगेतले दोघे पेंगायला लागलेत. झोपू द्या त्यांना. चौकशी आपल्याच खात्यात लागली की आपोआप उठतील.

मला सांगायचंय ते एवढंच. कंपनीत अफरातफर सापडली की आपला मॅनेजर माणसाला धरतो आणि रेकॉर्ड मोकळं सोडतो. फौजदारी कोर्टात त्या माणसाने लिहून दिलेलं फारसं टिकत नाही, रेकॉर्ड टिकतं.

एका काजू कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही. निम्म्या सभागृहाला ठाऊक आहे, उरलेल्यांना चहाच्या वेळी कळेलच. काट्याच्या पावत्यांवरचं बीचं वजन आणि गोदामातला माल जुळेना. संशय स्टोअरकीपरवर. एचआरच्या साहेबांनी त्याला दुपारी केबिनमध्ये बसवला तो रात्रीपर्यंत. चहा दिला, भजी दिली, मोबाइल तेवढा काढून घेतला. शेवटी म्हणाले, “लिहून दे बाबा, पोलिसांत जात नाही. नोकरीचंही बघू.” त्याने लिहून दिलं. आठवी शिकलेला माणूस, आणि मजकूर काय! ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला अथवा प्रलोभनाला बळी न पडता...’ आमच्या वकील मंडळींतल्या निम्म्या लोकांना असं शुद्ध लिहिता येत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी कंपनी पोलीस ठाण्यात हजर!

मी आरोपीचा वकील. साहेबांना उलटतपासणीत विचारलं, “पोलिसांत जाणार नाही, असं तुम्ही त्याला सांगितलंत?” साहेब सज्जन. म्हणाले, “हो, माणुसकी म्हणून सांगितलं.” मी खाली बसलो. वकिलाला इतक्या स्वस्तात फी क्वचित मिळते.

जुन्या पुरावा कायद्याचं कलम २४ आठवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम २२ मध्ये आलंय. अधिकारातल्या माणसाने आरोपासंबंधी धमकी, आमिष किंवा वचन देऊन कबुली घेतली, तर ती आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. नोकरी ज्याच्या हातात आणि फिर्याद द्यायची की नाही हेही ज्याच्या हातात, तो अधिकारातला माणूस नाही असं कोर्टाला पटवून बघा!

बरं, कबुली गेली तर गेली, बाकी काय होतं? काट्याचा कॉम्प्युटर ‘स्लो चालतो’ म्हणून फॉरमॅट केलेला. सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढलेलं. आवक रजिस्टर? पुरात गेलं. २२ जुलै २०२१ च्या पुराने आपलं काय काय नेलं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण घाट चढून वर असलेल्या कारखान्यांची रजिस्टरंसुद्धा त्याच पुरात कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही. (हशा) हसू नका, त्यातले दोघेजण आज इथे आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत सांगतो.

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल हे त्याचं मत. खात्यांतर्गत चौकशीत ‘शक्यता जास्त’ एवढ्यावर माणसाला काढता येतं. फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. तेव्हा अहवाल जोडून काम भागत नाही. ज्याने पाहिलं, ज्याने नोंद केली, तो साक्षीदार पिंजऱ्यात आणा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चं संरक्षण, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको हे, गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाला आहे. एचआरच्या टेबलासमोर बसलेल्याला ते सहसा मिळत नाही. म्हणून तिथे तो काय बोलतो आणि का बोलतो, ते जपून आणि खरं नोंदवा.

आवाजाचं रेकॉर्डिंग गैरमार्गाने मिळालं एवढ्यावरून बाद होत नाही. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच ते सांगितलं. मात्र ईमेल, चॅट, सीसीटीव्ही यांच्या प्रतीला, ती कोणत्या उपकरणातून कशी काढली ते सांगणारं प्रमाणपत्र हवं. आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० मध्ये ते अनिवार्य ठरलं. मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून सिद्ध केलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते कलम ६५ब होतं, आता ६३ आहे. त्या प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे त्या डेटावरून काढलेला, डेटा जरा बदलला की बदलणारा आकडा. डेटा उचलला त्याच दिवशी हॅश काढा. दोन वर्षांनी काढलेली हॅश मधल्या काळात काय झालं ते सांगत नाही.

तेव्हा आधी कॉम्प्युटर सील करा, प्रत घ्या, कोणी कोणाला दिलं ते लिहा, आणि मग माणसाला बोलवा. वचन देऊ नका. मजकूर त्याच्या भाषेत राहू द्या. भजी द्यायला हरकत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न विचारा, चालू प्रकरणाचा असेल तर मात्र बाहेर, फीसकट.