हक्क अरबी, सोड मराठी

(मलेशियातल्या मराठी मंडळाच्या कोजागरी मेळाव्यातलं भाषण. मधला खोकला आणि पहिल्या रांगेतून झालेल्या 'आवरा'च्या खुणा काढून टाकल्या आहेत.)

नमस्कार मंडळी. सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं आणि 'परदेशात जपलेली संस्कृती' असा विषय दिलाय. दहा मिनिटं घेतो. विषय घरी राहिला.

घरी सध्या वातावरण बरं नाही. गेले पंधरा दिवस लेक माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. ज्यांच्या घरी वयात आलेल्या मुली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

झालं असं की तिच्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं, रेंबाऊला. आपल्यातले बरेच जण मलाक्क्याला जाताना त्या नेगेरी सेंबिलान राज्यातून जातात, म्हशीच्या शिंगांसारखी छपरं बघून फोटो काढतात आणि पुढे निघतात. मीही इतकी वर्षं तेच केलं. या वेळी थांबलो, जेवलो. लग्नाच्या जेवणाला हे लोक 'कंदुरी' म्हणतात. गावच्या पिराची कंदुरी ज्यांनी खाल्लीय, त्यांनी माझी अवस्था ओळखावी. शब्द फारसी, एकच. आपल्याकडे तो बोकडापाशी थांबला, इकडे पार मांडवापर्यंत आला.

जेवणं झाल्यावर लेकीनं नवरीच्या आजीला सहज विचारलं, "हे घर कुणाचं?" आजी म्हणाल्या, "माझं. माझ्या आईचं होतं. पुढे हिच्या आईचं, मग हिचं." नवरीचा सख्खा भाऊ शेजारीच उभा राहून आमच्या ग्लासात गुलाबी सरबत ओतत होता. हात जरासुद्धा हलला नाही त्याचा.

परतताना टोलनाक्यावर गाडी थांबली आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, आत्यानं सही केली तेव्हा तू कुठे होतास?"

मी तिथेच होतो, मंडळी. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या शेजारी. ती चष्मा घरी विसरली होती. मी माझा दिला. तिचा नंबर वेगळा, माझा वेगळा. तिनं कागद जवळ धरला, लांब धरला, शेवटी म्हणाली, "कुठं करायची तेवढं बोट ठेव." मी बोट ठेवलं. संध्याकाळी साडीचोळी केली, आईनं तिच्या ओटीत नारळ घातला, आणि सगळे म्हणाले, अक्काचं मन मोठं.

गाडीत मी वकिली केली. म्हटलं, बाळा, रेंबाऊचं वेगळं आहे, ती त्यांच्या टोळीची चाल. आणि मग दोन आठवडे रात्री बसून ती चाल वाचत राहिलो, भांडणात जिंकायला. जिंकलो नाही. पण जे सापडलं ते सांगतो.

तिथल्या रिवाजाला म्हणतात 'अदात पर्पातिह'. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांनी तो समुद्रापलीकडून आणला. कूळ आईकडून चालतं, वडिलोपार्जित जमीन लेकीकडे जाते, आणि लग्न झालं की पुरुष बायकोच्या घरी राहायला जातो. थोडक्यात, गावातले सगळे जावई घरजावई. (इथे हसणाऱ्यांनी आपण कुणाच्या फ्लॅटमध्ये राहतो ते आठवावं.) 1909 साली इंग्रजांनी या रिवाजाचा कायदा केला. जमिनीच्या नोंदवहीत शिक्का बसला की ती जमीन त्या कुळाच्या बाईच्याच नावावर.

आणि ही सगळी माणसं पक्की मुसलमान. शरियत सांगते, मुलाच्या निम्मं मुलीला. रिवाज सांगतो, जमीन सगळी मुलीला. मग? त्यांची म्हण आहे की रिवाज शरियतवर उभा, शरियत ग्रंथावर उभी. म्हणायला सोपं आहे. 1951 साली रेंबाऊतच काही जणांनी ठराव आणला की हा वारसा धर्माविरुद्ध आहे, बंद करा. तेव्हा तिथल्या बायकांनी नवऱ्यांना सरळ सांगितलं, ठराव झाला तर काडीमोड. ठराव बारगळला. धर्माची बाजूही समजून घ्यावी लागते. आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तोड अशी सुचवली की ही जमीन कुणाची मालकीच नव्हे, बाई फक्त राखणदार; मालकी नाही तर वाटणी कशाची? स्वतः कमावलेलं मात्र शरियतप्रमाणे वाटा. आणि गंमत पाहा, नवराबायकोनं संसारात मिळून कमावलेल्या मिळकतीत घटस्फोटानंतर बाईचा हिस्सा असतो, ही मूळची मलय चाल आज इथली शरियत कोर्टंच चालवतात. रिवाज मागच्या दारानं आत गेला आणि तिथलाच झाला.

सगळं गोड आहे असं नाही. ती जमीन कुळाबाहेर विकता येत नाही, बँक कर्ज द्यायला कुरकुरते, लेकी क्वालालंपूरला नोकरीला, रबराची झाडं तशीच उभी. त्या आजींच्या शेजारची दोन घरं कुलूपबंद होती.

आता आपल्या मुंबईत या. 1847 साली तिथल्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन या मुसलमान जमातींतल्या लेकी गेल्या. म्हणाल्या, कुराणात आमचा वाटा लिहिलाय, तो द्या. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी. त्यांनी जमातीची वहिवाट तपासली. वहिवाट अशी की लेकीला वारसा नाही. पेरीसाहेबांनी वहिवाट उचलून धरली. लेकी हात हलवत परत. धर्म तोच, ग्रंथ तोच. रेंबाऊत शरियत लागू झाली तर लेकीचं कमी होतं, मुंबईत झाली असती तर वाढलं असतं. पुढे 1937 साली शरियत कायदा आला, वहिवाट बाजूला सारायला. त्यातून एक गोष्ट वगळली होती. ओळखा. शेतजमीन!

मी हे मोठ्या उत्साहानं लेकीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "सो?" आणि गेली.

बरोबरच आहे. कारण आपल्याकडे कायद्याची अडचणच नव्हती. 1994 साली महाराष्ट्रानं, 2005 साली देशानं लेकीला बरोबरीचा हिस्सा दिला. अक्काला काही मागायचं नव्हतं, तिच्याकडे होतं. तिनं ते 'हक्कसोडपत्र' करून दिलं. हा शब्द मी नीट पाहिला. हक्क अरबी. वारस अरबी. मिळकतसुद्धा तिकडचीच. 'सोड' तेवढी अस्सल आपली.

रागावू नका, पण या हॉलमध्ये रात्री झोपताना मोबाईलवर सातबारा उघडून बघणारे किती आहेत मला ठाऊक आहे. मीही त्यातलाच. तीस वर्षं नांगराला हात लावला नाही, पण 'इतर हक्क'च्या रकान्यात बहिणीचं नाव दिसलं की आपल्याला झोप येत नाही. आपण इथे लेझीम जपलं, श्रीखंड जपलं, आणि हेही अगदी काळजीपूर्वक जपलं. मंडळाच्या भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो आहेत, जाताना बघा. पुरणपोळ्या ज्यांनी लाटल्या त्यांचा एकही नाही.

माझा मुलगा मेलबर्नला, लेक इथे. मृत्युपत्र केलेलं नाही. बायको रोज विचारते, मी रोज म्हणतो, घाई काय आहे.

परवा धीर करून अक्काला फोन लावला. म्हटलं, अक्का, तो कागद आपण पुन्हा बघूया का? तुझा हिस्सा परत नावावर करू. तिकडे बराच वेळ मिक्सरचा आवाज. मग म्हणाली, "तुला बरं आहे ना रे?" म्हटलं, बरं आहे. म्हणाली, "मग आत्ता कशाला ते? आणि हे बघ, पुढच्या आठवड्यात आमच्या नणंदबाई यायच्यात, ह्यांच्या वाटणीच्या सहीला. त्यांना साडी कुठली घेऊ, पैठणी फार होईल का?"

फोन स्पीकरवर होता. लेक दारात उभी होती, पण अक्काचं सातारी तिला पटकन कळत नाही. "व्हॉट डिड शी से?" तिनं विचारलं.

मी अजून सांगितलेलं नाही.