मेमरी होस्टची नव्हे, क्लस्टरची

मंडळी, व्हीएमला, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकाला, किती मेमरी द्यायची हे मागणाऱ्याने ठरवू नये, मोजणाऱ्याने ठरवावं. हे मी वर्षानुवर्षं बैठकांमधून सांगत आलोय, पण तिथे शेवटी व्हेंडरचं, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं, पत्रच जिंकतं. ‘64 जीबी द्या, सगळी रिझर्व्ह करा, नाहीतर सपोर्ट मिळणार नाही.’ रिझर्व्ह म्हणजे ती मेमरी त्याच व्हीएमसाठी राखून ठेवायची. असं पत्र कुणाकुणाला आलंय, हात वर करा बरं! बघा, चहा वाटणारे दादा सोडले तर सगळे हात वर आहेत.

अशाच एका पत्राची गोष्ट सांगतो. व्हेंडरचं नाव घेत नाही. नवा व्हीएमवेअर क्लस्टर होता, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरचा गट. असे चार सर्व्हर, म्हणजे होस्ट, प्रत्येकी 256 जीबी, आणि एक होस्ट पडला तरी काम चालावं म्हणून अ‍ॅडमिशन कंट्रोल, म्हणजे नवी व्हीएम सुरू होऊ द्यायची की नाही हे ठरवणारा नियम, स्लॉट पद्धतीवर ठेवलेला. पहिली व्हीएम पत्रातली: 64 जीबी, पूर्ण रिझर्व्हेशन. मग चार-चार जीबीच्या लहान व्हीएम एकेक सुरू करत गेलो. दहावी व्हीएम काही सुरू होईना. रिसोर्स अपुरे! चालू व्हीएमना दिलेली होती 96 जीबी, क्लस्टरमध्ये 1024.

हिशेब असा. या पद्धतीत मेमरीचे सारख्या मापाचे कप्पे, म्हणजे स्लॉट, मोजतात. स्लॉटचं माप सर्वांत मोठ्या रिझर्व्हेशनवरून ठरतं. 64 जीबी आणि वर थोडा ओव्हरहेड, म्हणजे व्हीएम चालवायला लागणारी जास्तीची मेमरी. हायपरवायजरलाही, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, स्वतःची मेमरी लागते, म्हणून 256 मध्ये चार नाही, तीनच स्लॉट बसतात. चार होस्टचे बारा, एक होस्ट राखीव, उरले नऊ. चार जीबीची व्हीएमसुद्धा एक अख्खा स्लॉट धरून बसते. एका पत्राने सगळ्या क्लस्टरचं माप बदललं, आणि त्या अ‍ॅप्लिकेशनला खरोखर किती लागते हे कुणी मोजलंच नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

मोजण्याचं शास्त्र नवं नाही. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 मध्ये ईएसएक्स या व्हीएमवेअरच्या हायपरवायजरच्या मेमरी व्यवस्थापनावर निबंध लिहिला. गेस्टची, म्हणजे व्हीएमच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, कोणती पानं (मेमरीचे छोटे तुकडे) निरुपयोगी आहेत हे हायपरवायजरला बाहेरून कळत नाही. म्हणून गेस्टच्या आतला बलून ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम गेस्टकडे मेमरी मागतो, कोणती पानं सोडायची हे गेस्टच ठरवतो, आणि ती हायपरवायजर दुसऱ्या व्हीएमला देतो. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. त्याच निबंधात सारखी पानं व्हीएममध्ये वाटून घेण्याची युक्तीही आहे. पण सुरक्षेच्या कारणावरून 2014 पासून वेगवेगळ्या व्हीएममधली ही वाटणी मूळ सेटिंगमध्येच बंद असते, तेव्हा ती बचत हिशेबात धरू नका.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मेमरी कशी मोजायची आणि किती द्यायची ते भराभर सांगतो.

बेरीज क्लस्टरची करा. चार गुणिले 256 मधून एक होस्ट वजा केला की 768. सगळ्या व्हीएमचा खरा वापर त्याच्या आत बसला पाहिजे. स्लॉटऐवजी टक्केवारीची पद्धत, म्हणजे क्लस्टरची ठरावीक टक्के मेमरी राखीव ठेवण्याची, घ्या, पण तीही मोजते रिझर्व्हेशन आणि ओव्हरहेडच. रिझर्व्हेशन कुठेच नसेल तर होस्ट पडल्यावर व्हीएम सुरू होतील खऱ्या, पण स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीऐवजी संथ डिस्कवर, रुतून बसतील. म्हणून 768 ची बेरीज तुम्हालाच करावी लागेल.

हायपरवायजर दाखवतो त्या ‘अ‍ॅक्टिव्ह मेमरी’, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या मेमरीच्या, आकड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. तो नमुना घेऊन केलेला अंदाज असतो. मूळ रचनेत दर 30 सेकंदांना 100 पानं तपासली जात. डेटाबेसची कॅशे थोडा वेळ शांत राहिली की त्याला ती रिकामी वाटते. गेस्टच्या आत बघा, आणि महिनाअखेरचा ताण त्यात आला पाहिजे.

दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसरच्या, 256 जीबीच्या होस्टवर प्रत्येक न्यूमा नोडकडे, म्हणजे एक प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी अशा जोडीकडे, साधारण 128 जीबी असते. त्याहून मोठी व्हीएम केली की ती दोन नोडवर पसरते. खरंच गरज आहे का, हे आधी विचारा.

आणि जावा. तिथे बलून घातक ठरतो. गार्बेज कलेक्टर, म्हणजे जावाचा नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग, सगळा हीप (प्रोग्रामच्या डेटाची मेमरी) चाळतो, त्यातली पानं स्वॅपला गेली असतील तर अ‍ॅप्लिकेशन थांबून राहतं. तिथे हीप आणि त्याभोवती जावाला लागणारी मेमरी मोजून तेवढं रिझर्व्हेशन जरूर द्या, बाकीच्यांना शेअर्सवर, म्हणजे टंचाईत कुणाला किती वाटा ते ठरवणाऱ्या प्रमाणावर, सोडा.