ताबा मागताना सिद्ध काय करायचं?

मंडळी, भाडेकरूला बाहेर काढायचं ठरलं की घरमालक आधी ग्रामपंचायतीत जातो आणि नमुना ८ चा उतारा काढून आणतो. घर माझ्या नावावर आहे, आणखी काय दाखवायचं, असा त्याचा हिशेब. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते, मालकी त्यातून सिद्ध होत नाही. आणि खरं तर अशा दाव्यात मालकी हा पहिला प्रश्न नसतोच. हा माणूस तुमचा भाडेकरू म्हणून आत आला का, हा पहिला प्रश्न.

ते एकदा सिद्ध झालं की तुमच्या मालकीवर बोट ठेवायची मुभा त्याला राहत नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम ११६ हेच सांगायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२२ तेच सांगतं. आपल्या विदर्भात सरकारी जागेवर उभी असलेली घरंही भाड्याने दिली जातात. मग भाडेकरू म्हणतो, जागा सरकारची, हा कसला मालक? पण ज्याच्याकडून त्याने भाड्याने ताबा घेतला, त्यालाच तो असं विचारू शकत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा. भाडेकरूला ज्याने ठेवलं त्याच्याकडून तुम्ही घर विकत घेतलं असेल किंवा वारसाने ते तुमच्याकडे आलं असेल, तर तुमच्यापर्यंत हक्क कसा आला हे तो विचारू शकतो. तेव्हा खरेदीखत, वारस फेरफार, वाटणीपत्र ही साखळी लागते. खरेदी झाल्याबरोबर 'यापुढे भाडं मला द्या' असं लेखी कळवा. ते कळण्याआधी त्याने जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेलं भाडं पुन्हा मागता येत नाही.

आता कायदा कोणता? नगरपालिका असलेल्या अनेक गावांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तिथे कारण सिद्ध करावं लागतं: थकबाकी असेल तर लेखी मागणीची नोटीस आणि त्यानंतर ९० दिवस, नाहीतर स्वतःची खरी गरज किंवा तत्सम कारण. जिथे हा कायदा पोहोचत नाही त्या खेड्यात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो आणि कारण सांगावं लागत नाही, भाडेपट्टा रीतसर संपवला एवढं पुरतं. तेव्हा दावा लिहिण्याआधी आपलं गाव कुठल्या बाजूला पडतं ते वकिलाकडून तपासून घ्या. शेतीचा प्रश्न वेगळाच. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा आहे. बटईने किंवा ठेक्याने दिलेल्या वावरात 'मी कूळ आहे' असं कोणी म्हटलं, तर ते ठरवणं दिवाणी न्यायालयाच्या हातात नाही, तो मुद्दा तहसीलदाराकडे जातो.

खेड्यातल्या घराचं किंवा दुकानाचं भाडं बहुधा महिनेवारी असतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी, सहीची नोटीस द्यावी लागते. पूर्वी एक-दोन दिवसांच्या चुकीने अख्खा दावा पडायचा. आता नोटिशीत मुदत कमी लिहिली गेली, तरी खरी मुदत संपल्यावर दावा दाखल केला असेल तर चालतं. नोटीस पोस्टाने पोहोच घेऊन पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' अशा शेऱ्यानिशी परत आलं तर ते फोडू नका, तसंच्या तसं कोर्टात दाखल करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नोटिशीनंतर. भाडेकरू गुपचूप फोनवरून पैसे टाकतो आणि मालक ते ठेवून घेतो. मग जबाबात येतं की नोटीस तुम्हीच सोडून दिली. नुसते पैसे घेतल्याने नोटीस आपोआप रद्द होत नाही, पण वाद निष्कारण वाढतो. रक्कम आली की त्याच दिवशी 'ही भाडं म्हणून नव्हे, वापराची भरपाई म्हणून जमा करतो' असं लेखी कळवा. तेवढ्याने हा मुद्दा बराच बोथट होतो.

भाड्याचं नातं दाखवणारा कागद कोणता? पावतीवर मालकाची सही असते आणि ती भाडेकरूच्या घरी राहते. तुमच्या हाती उरते स्थळप्रत, म्हणजे पावतीपुस्तकात राहणारी प्रत. तिच्यावर भाडेकरूची सही घेणारे मालक थोडेच, आणि नेमकी तीच लागते. करार नोंदणीकृत असेल तर उत्तम. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय केला असेल, तर ती मुदत सिद्ध करता येत नाही, पण ताबा कोणत्या नात्याने आहे हे दाखवायला कागद उपयोगी पडतो. मुद्रांक कमी असेल तर दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात वाचला जात नाही. व्हॉट्सॲपचे निरोप दाखवायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यात दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. नुसती छापील पानं आणून भागत नाही.

थकलेलं भाडं तीन वर्षांपर्यंतचंच मागता येतं. ताब्याच्या दाव्याला मात्र भाडेपट्टा संपल्यापासून १२ वर्षं आहेत. कुलूप ठोकणं, वीज तोडणं यातून काही साधत नाही. जबरदस्तीने बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि तिथे तुमची मालकी ऐकली जात नाही.

शेवटी दाव्यातलं मालमत्तेचं वर्णन. घर क्रमांक एवढंच लिहिलं आणि पुढच्या आकारणीत तो बदलला, की कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आलेला बेलीफ, म्हणजे कोर्टाचा कर्मचारी, दारात अडतो. लांबी-रुंदी, खोल्या, चतुःसीमा लिहा. मागचं आवार भाड्यात होतं की भाडेकरूने नंतर व्यापलं, हे वेगळं नोंदवा. सीमेचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आधीच करून घ्या. दुकानात मूळ भाडेकरूऐवजी त्याचा साडू किंवा दुसराच कोणी बसला असेल, तर त्यालाही दाव्यात प्रतिवादी करा. नाहीतर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या दिवशी तो नवी हरकत घेऊन उभा राहतो आणि तिची चौकशी नव्याने सुरू होते.