पोट बिघडलंय, पण सांगता येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्याने उलटी केली किंवा मांजराला जुलाब सुरू झाले की घरातली मंडळी सगळ्यात आधी औषधांचा डबा उघडतात. मायेपोटीच उघडतात. पण माझी पहिली विनंती हीच, की तो डबा बंद राहू द्या. आपल्याला सहज पचणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निरुपद्रवी करायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशींना प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात आणि श्वास लागतो. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जुलाब थांबवायची आपली लोपेरामाइडची गोळी कोली जातीच्या अनेक कुत्र्यांच्या थेट मेंदूत पोचते, कारण ती अडवणारं प्रथिन त्यांच्यात जन्मतःच सदोष असतं. काहीतरी विषारी खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं हा तर फारच घातक उपाय आहे. त्याने शरीरातलं सोडियम इतकं वाढू शकतं, की विषाआधी मीठच जीव घेईल.

मग आपण करायचं काय? नीट बघायचं. हे ऐकायला फार साधं वाटेल, पण डॉक्टरांना निदानाकडे नेणारी अर्धी माहिती तुमच्या डोळ्यांतूनच मिळते. जनावराला बोलता येत नाही, त्याच्या वतीने तुम्हालाच बोलायचं आहे.

उलटी होताना पोट आत ओढलं गेलं का, उबळ आली का? की मान खाली घातल्याबरोबर न पचलेलं अन्न तसंच घरंगळून बाहेर आलं? पहिल्या प्रकारात दुखणं बहुधा जठर-आतड्यांचं असतं, दुसऱ्यात अन्ननलिकेचं. जुलाबाचंही तसंच. वारंवार, थोडी थोडी, शेंबडासारखी चिकट शी होते, कुंथावं लागतं, वर लालभडक रक्ताचा थेंब दिसतो, तेव्हा मोठं आतडं सुजलेलं असण्याची शक्यता जास्त. दिवसातून मोजक्याच वेळा पण भरपूर पातळ शी होत असेल आणि वजन उतरत असेल, तर दोष लहान आतड्यात असतो. आणि डांबरासारखी काळी, चिकट शी दिसली तर तो वरच्या भागातला रक्तस्राव असू शकतो. ती दिसल्यावर वाट बघत बसू नका.

आता ओठ वर करून हिरडीला बोट लावा. निरोगी हिरडी ओलसर, गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी चिकट, कोरडी लागली, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे. म्हातारं किंवा फार रोडावलेलं जनावर असेल, तर या कातडीच्या परीक्षेवर एकटीवर विसंबू नका.

धडधाकट, लस झालेलं, मोठं कुत्रं एक-दोनदा ओकलं, पण शेपूट हलवतंय, पाणी पितंय, तर घरी थांबायला हरकत नाही. एखादं जेवण टाळलं तरी चालतं. पाणी मात्र बंद करायचं नाही, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं. ते स्वतः पीत नसेल तर तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. नंतर बिनमिठाचा, बिनतेलाचा मऊ भात आणि कातडी काढून उकडलेली कोंबडी, लहान लहान घासांत. जुलाब थांबल्यावर चार-पाच दिवसांत नेहमीचं खाणं हळूहळू मिसळत परत आणा. असे साधे जुलाब बहुतेकदा आपोआप थांबतात. म्हणून प्रत्येक वेळी प्रतिजैविकं मागण्याचा हट्ट धरू नये. आतड्यातले उपयोगी जिवाणूही त्यांनी मरतात.

मांजराला मात्र हा उपवासाचा नियम लावू नका. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. दोन-तीन दिवस त्याच्या पोटात काही गेलं नाही, की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच बंद पडायला लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका सगळ्यात मोठा. अख्खा दिवस मांजर जेवलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. आणि तोंडातून किंवा गुदद्वारातून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असतं आणि ताणलेला दोरा आतडं कापत जातो.

बोका वाळूच्या ट्रेत पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, आणि आपण समजतो बद्धकोष्ठ झालं. पुष्कळदा त्याची लघवी तुंबलेली असते. हा घरगुती उपायांचा विषय नाही, एक-दोन दिवसांत प्राण जातात.

कुत्र्यांतही असाच एक प्रसंग आहे. खोल छातीचं, मोठ्या जातीचं कुत्रं अस्वस्थपणे येरझारा घालतंय, ओकायला बघतंय पण बाहेर काही पडत नाही, आणि पोट टम्म फुगत चाललंय. जठराला पीळ पडलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळ उजाडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पिल्लांच्या बाबतीत तर मी कधीच ‘थांबून बघा’ म्हणणार नाही. त्यांच्या अंगात साठा थोडा, पाणी आणि साखर भराभर उतरते. लस अपुरी असलेल्या पिल्लाला उलट्या, दुर्गंधीचे रक्ताळ जुलाब आणि मलूलपणा आला, तर पार्व्हो या विषाणूच्या आजाराची शंका घ्यावी. 1978 च्या सुमारास हा विषाणू प्रथम ओळखला गेला. तो जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, म्हणून घरातलं दुसरं पिल्लू लगेच वेगळं करा. वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर अनेक पिल्लं वाचतात. मांजरांतही याच घराण्यातल्या विषाणूचा आजार होतो, आणि त्यालाही लस आहे.

दवाखान्यात जाताना उलटीचा फोटो आणि त्याच दिवशीच्या शीचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत न्या. चॉकलेट, मनुका, कांदा, बिनसाखरेच्या गोड गोळीत साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल, मांजराने चघळलेलं लिलीचं पान, असं काही पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणं दिसायची वाट न बघता सांगा, वेष्टन असेल तर तेही न्या. किती वाजता, किती खाल्लं, वजन किती, शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, हे कागदावर लिहून ठेवा. काही जंत आणि जंतू माणसालाही लागतात, तेव्हा शी हातमोजे घालून उचला, साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवा.

नमस्कार.