बाटली माहेरी गेलीया

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय डोळ्यांत घालायच्या स्टिरॉइडच्या थेंबांबद्दल. स्टिरॉइड म्हटलं की निम्मे लोक घाबरतात आणि उरलेले निम्मे मेडिकलवाल्याला विचारून घेऊन येतात. औषध गुणाचं आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची सूज, डोळ्याच्या आतली आयरायटिसची, म्हणजे बुबुळामागच्या रंगीत पडद्याची, सूज उतरवायला त्याला तोड नाही. पण सुरू करायचं डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि थांबवायचंही डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. हे मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

आमचा भाग उसाचा. एक आजोबा सुनेला घेऊन दवाखान्यात आले. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, डोळा लालभडक, उजेड सहन होईना. थेंबांचा कागद खिशात नीट घडी घालून ठेवलेला. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं सहा आठवडे उतरत जायचं. मी म्हटलं, "आजोबा, थेंब घालताय ना?" आजोबा सुनेकडे बघायला लागले. सून म्हणाली, "डोळा निवळला, म्हून बंद केलं. बाटली माहेरी गेलीया."

"माहेरी?"

"भाच्याचं डोळं खाजत हुतं. आईनं मागून घेतली."

आता आपल्याकडे विरजण मागावं तशी औषधाची बाटली मागतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, ताई, ती बाटली आणि तो भाचा, दोन्ही घेऊन या. चार दिवसांनी आले. नऊ वर्षांचा पोरगा. चैत्र लागला की डोळे चोळून चोळून लाल, पांढरा चिकट दोरा निघतो, तीच उन्हाळी ॲलर्जी. थेंब घातले की तासाभरात आराम. मग काय, आजोबांची बाटली संपली तशी रिकामी बाटली दाखवून दुकानातून नवी, तीही संपली की आणखी एक. (तुम्ही म्हणाल, एवढ्या थोड्या दिवसांत एवढं? अहो, पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनची बाटलीही गेल्या वर्षी अशीच माहेरी गेली होती!) पोराच्या डोळ्यातला दाब तपासला. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात तो, साधारण दहा ते एकवीस असायला हवा. निघाला चौतीस. दुखत नाही, खुपत नाही, पोरगं मजेत चिंचा खातंय आणि आत डोळ्याच्या नसेवर भार पडतोय. काचबिंदू असाच येतो, न सांगता.

गोष्ट इथं संपत नाही. पोराच्या मागे त्याचा चुलता उभा होता, डोळ्यावर फडकं धरून. ऊस तोडताना पाल्याचं पातं डोळ्यात लागलेलं. "ह्याच बाटलीतलं घातलं सायेब. दोन दिवस बरं वाटलं." वाटणारच! स्टिरॉइड लाली आणि रग दाबतं. पण पाल्याबरोबर आत गेलेल्या बुरशीला त्यानं मोकळं रान मिळतं. बुबुळावर पांढरा डाग पडला होता. बुरशीवरचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्री उठून उठून. जखम भरली, पण डाग राहिला, त्या डोळ्यानं आता धूसरच दिसतं. पोराचे थेंब थांबवले, दुसरं औषध दिलं, दाब उतरला. आजोबांना पुन्हा पहिल्या आठवड्याचा कागद.

त्या दुकानदारावर मी चिडलो, हे लपवत नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. पण ते अक्षर किती बारीक! ज्याला दिसत नाही त्याच्याच औषधावर मुंगीएवढी अक्षरं, आणि गुटख्याच्या पुडीवरचं नाव रस्त्यापलीकडून वाचता येतं. असो.

तर, घालायचं कसं? हात धुवा वगैरे सांगत बसत नाही. दुधाळ औषध असेल तर बाटली आधी चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. खालची पापणी ओढा, एक थेंब. एकच. दोन घातले म्हणून दुप्पट गुण येत नाही, डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, बाकीचा गालावर नाहीतर नाकातून घशात. घशात कडू लागतं ते त्यामुळेच. म्हणून डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा, मलम सगळ्यात शेवटी. एक वेळ चुकली तर आठवल्यावर घाला, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या.

साथीत डोळे आले म्हणून स्टिरॉइड मनानं घालू नका. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडून साथ पसरली, तेव्हाही घरोघरी हेच चाललं होतं. ती साथ विषाणूची, बहुतेकांची आपोआप बरी होते. आणि लाल डोळा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचा निघाला, तर स्टिरॉइडनं बुबुळावरची जखम पसरते. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. थेंब दोन आठवड्यांच्या पुढे चालणार असतील, तर "दाब कधी बघायचा?" हे तुम्हीच विचारा, लाजू नका.

पुन्हा सांगतो: मनानं सुरू नाही, मनानं बंद नाही. आणि बाटली उघडली की त्याच दिवशी तिच्यावर पेनानं तारीख लिहा. महिना झाला की टाकून द्या, निम्मी भरलेली असली तरी. सुनेनं विचारलं तरी. नमस्कार.