पंधरा वर्षांच्या मधला तपासनीस

मंडळी, उद्या घटस्थापना आहे आणि दसऱ्याला आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दरवर्षीप्रमाणे गाड्या धुतल्या जातील, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले जाईल, झेंडूची माळ चढेल आणि चाकासमोर नारळ फुटेल. ही रीत मला मनापासून प्रिय आहे. तीस वर्षे गॅरेज चालवताना मी दर खंडेनवमीला पान्यांची आणि जॅकची पूजा केली, आणि पूजेआधी प्रत्येक हत्यार पुसून, तपासून, मोडके बाजूला काढून ठेवायचे हा माझ्या वडिलांनी घालून दिलेला नियम पाळला. गाडीची पूजा आपण करतो. तिची तपासणी मात्र आपल्यापैकी फार थोडे लोक करतात. म्हणून आजचा हा तास मी मागून घेतला आहे.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करतो. प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. आपण त्याला ‘पासिंग’ म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. हे पासिंग नुसते कागदावर होऊ नये म्हणून पुण्यातून एक जनहित याचिका झाली आणि ब्रेक तपासण्यासाठी 250 मीटर लांबीचा चाचणी मार्ग असलाच पाहिजे, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने धरला. दिवे घाटाजवळचा पुण्याचा चाचणी मार्ग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. खासगी मोटारीची गोष्ट वेगळी आहे. तिची नोंदणी एकदा झाली की ती 15 वर्षे चालते, आणि आरटीओचा निरीक्षक तिच्याकडे पुन्हा पाहतो तो नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडे मधल्या काळात एकच सक्तीची चाचणी आहे, ती म्हणजे पीयूसी. पहिल्या वर्षानंतर ती सुरू होते आणि बीएस-4 व बीएस-6, म्हणजे धुराच्या अलीकडच्या मानकांच्या, गाड्यांना वर्षातून एकदा करावी लागते. परंतु पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये जाते. ती धूर मोजते. ब्रेक, टायर, स्टीअरिंग यांच्याशी तिचा काही संबंध नाही. याचा अर्थ असा की या 15 वर्षांत त्या गाडीच्या सुरक्षिततेचा नियमित तपासनीस मालकाखेरीज दुसरा कोणीही नाही. सर्व्हिस सेंटर हा तपासनीस नव्हे, कारण तिथे आपण सांगतो ते काम होते, आणि काय सांगायचे हे आपल्याला ठाऊक असावे लागते.

ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोठे अज्ञान तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीनंतर एक गृहस्थ गाडी घेऊन आले. कोकणात जाताना कुटुंबाला घेऊन ते एक घाट उतरत असताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि थेट तळाला टेकले. त्यांनी प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी थांबवली. अर्ध्या तासाने पाहतात तर ब्रेक पूर्ववत. वाटेतल्या मेकॅनिकने सगळे पाहून ‘काही दोष नाही’ असे सांगितले, आणि त्याचे डोळे खोटे बोलत नव्हते. त्याला दिसण्यासारखा दोष तेव्हा उरलाच नव्हता. मी ब्रेक ऑइल काढून पाहिले. ते चहासारखे तपकिरी झाले होते आणि सहा वर्षांत एकदाही बदललेले नव्हते.

आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकोल जातीचे द्रव आहे आणि हवेतला ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. आपल्या पावसाळ्यात तर त्याला ओलाव्याची कमतरता कधीच नसते. बहुतेक मोटारींमध्ये वापरल्या जाणाऱ्या डॉट-4 प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाण्याचे प्रमाण पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेले की तो 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. आता घाटाचा विचार करा. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण सुमारे साडेपाचशे मीटर खाली येतो. माणसे आणि सामान धरून 1400 किलो वजनाची गाडी एवढे उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते ती, हवेचा आणि इंजिनाचा विरोध वजा न करता, सुमारे वीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. इंजिनाची मदत न घेता केवळ पायाने ब्रेक दाबत उतरलो तर यातली बहुतेक उष्णता चार चाकांच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते, तिथून ती आतल्या द्रवापर्यंत पोहोचते, त्यातले पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते आणि चाकापर्यंत दाब पोहोचत नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि दोष नाहीसा होतो.

म्हणून माझी विनंती आहे की दर दोन वर्षांनी, किंवा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जी मुदत दिली असेल त्याप्रमाणे, ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्यावे. गाडी कमी चालली असली तरीही, कारण ओलावा किलोमीटर मोजत नाही. आणि ज्या गियरमध्ये घाट चढतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एसटी चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

ब्रेकविषयी आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यातच शिकवत असे. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली की आपण बाटली आणून ती भरतो आणि काम झाले असे समजतो. परंतु ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कला दाबून धरणारे तुकडे, झिजतात तसा आतला पिस्टन पुढे सरकतो आणि डबीतली पातळी आपोआप थोडी थोडी उतरते. खाली गेलेली पातळी हा पॅड झिजल्याचा निरोप असतो, आणि वरून ओतून आपण तो निरोप पुसून टाकतो. पॅड तसे नसतील झिजले तर कुठेतरी गळती आहे, म्हणजे प्रकरण अधिक गंभीर आहे. दोन्ही परिस्थितीत चाके काढून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. ब्रेक दाबताना बारीक किरकिर ऐकू येऊ लागली तरी तेच करावे. अनेक पॅडना झीज झाल्यावर आवाज करणारी पत्र्याची पट्टी मुद्दाम बसवलेली असते.

आता टायर. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला आणि मुंबई ते नागपूर प्रवास एका दमात करण्याची सवय आपल्याला लागली. मोटारींना तिथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. शहरात चाळीसच्या वेगाने जो टायर वर्षानुवर्षे तक्रार करत नाही, त्याला त्या काँक्रीटवर विदर्भाच्या मे महिन्यात तासन् तास 120 ने पळवणे ही संपूर्ण वेगळी परीक्षा आहे. या मार्गावरच्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून नक्षी झिजून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्यास सुरुवात केली, ते योग्यच झाले. पण तपासणारा तिथे भेटेलच असे नाही.

टायर का फुटतो याबद्दल एक गैरसमज इतका खोलवर रुजला आहे की सुशिक्षित माणसेही तो मला ठामपणे सांगतात: उन्हाळ्यात हवा प्रसरण पावते, म्हणून लांबच्या प्रवासाला हवा थोडी कमी ठेवावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार सारखी वाकवत राहिली की बोटांना चटका बसतो तसाच हा प्रकार आहे, आणि 120 च्या वेगात तो सेकंदाला सोळा ते अठरा वेळा घडतो. त्या उष्णतेने आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो. तापल्यावर वाढणारा दाब कंपनीने हिशेबात धरलेला असतो. ठरलेला आकडा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्तीचा आकडा असतो आणि गावी जाताना तोच पाळावा. हा आकडा थंड टायरचा आहे. पन्नास किलोमीटर धावून आल्यावर पेट्रोल पंपावर मोजलेली हवा जास्त दिसते, ती सोडून कमी करणे ही सर्वांत घातक चूक होय.

नक्षीची खोली कायद्याने मोटारीला किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. मी स्वतः पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटरच्या खाली थांबत नाही, कारण पाणी बाहेर टाकण्याचे काम त्या खाचाच करतात. टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूवर चार आकडे लंबगोलात कोरलेले असतात: 3221 असतील तर 2021 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला तो टायर आहे. आपल्या सोसायटीत काही ज्येष्ठांच्या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालतात. त्यांची नक्षी नव्यासारखी दिसते, पण उन्हात उभे राहून रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात. सहा वर्षांनंतर असे टायर जाणकाराला दाखवल्याखेरीज महामार्गावर नेऊ नयेत. स्टेपनीलाही हे सर्व लागू आहे, आणि तिच्यात हवा आहे का हे पंक्चर झाल्यावर कळून उपयोग नसतो.

इंजिन ऑइल, कूलंट आणि बॅटरी यांविषयी आपण तुलनेने जागरूक आहात, म्हणून थोडक्यात सांगतो. डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन थंड असताना पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. त्या चुकीने भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीसारखा लाल दिवा चालू इंजिनात लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा विचार न करता तिथेच इंजिन बंद करावे. वायपरचे रबर मे महिन्याच्या उन्हात कडक होते, तेव्हा ते पहिल्या पावसाआधी बदलावे.

सीएनजी गाड्यांबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या पार्किंगमध्ये त्या आता बऱ्याच झाल्या आहेत. डिकीतल्या सिलिंडरमध्ये सुमारे 200 बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ नव्वदपट. नियमाप्रमाणे हा सिलिंडर दर तीन वर्षांनी काढून, त्यात पाणी भरून, अधिक दाबाखाली तपासून घ्यावा लागतो. त्याला हायड्रोटेस्ट म्हणतात, आणि पुढची तारीख गाडीवरील पट्टीवर नोंदलेली असते. ही चाचणी चुकवण्यासाठी नुसते प्रमाणपत्र मिळवून देणारे लोक असतात. त्यांच्याकडे जाणे म्हणजे मागच्या सीटवर बसणाऱ्या आपल्या मुलांच्या पाठीमागे न तपासलेला सिलिंडर ठेवणे आहे. याहून सौम्य शब्द माझ्याकडे नाहीत. गॅस भरताना सर्वांनी गाडीतून उतरावे, तेही याच कारणासाठी.

ज्यांच्या गाडीला 15 वर्षे होत आली आहेत त्यांनी नोंदणीपत्रावरील तारीख आजच पाहावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. आता स्वयंचलित चाचणी केंद्रेही येत आहेत. तिथे रोलरवर चाके फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक यंत्राने वेगळा मोजला जातो, हेडलाइटचा झोत कुठे पडतो ते पाहिले जाते, पुढच्या चाकांच्या सांध्यांतला खुळखुळेपणा हलवून तपासला जातो. यात माणसाच्या मर्जीला फारसा वाव उरत नाही, म्हणून मला ही पद्धत स्वागतार्ह वाटते. कोणाची गाडी नापास झाली तर त्यांनी मध्यस्थ शोधण्याऐवजी तो चाचणीचा कागद मेकॅनिकसमोर ठेवावा. इतका नेमका निदानाचा कागद एरवी पैसे मोजूनही मिळत नाही.

वर्षातून दोन दिवस मी या कामासाठी सुचवतो: अक्षय्य तृतीया, कारण त्यानंतर महिना-दोन महिन्यांत पाऊस येतो, आणि दसरा, कारण तोवर चार महिन्यांचा चिखल आणि ओलावा गाडीच्या खालच्या भागात साचलेला असतो. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी पार्किंगमध्ये हवा मोजायचा गेज, नक्षीची खोली मोजायची पट्टी आणि विजेरी घेऊन येणार आहे. प्रत्येकाने आपल्या गाडीची पुस्तिका, जॅक आणि पाना बाहेर काढून ठेवावा. ज्यांनी आजवर स्टेपनी स्वतः बदललेली नाही, त्यांच्याकडून ती मी एकदा बदलून घेणार आहे, आणि घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुली-सुनांनीही अवश्य यावे. सातची वेळ मी मुद्दाम ठेवली आहे. शनिवारी रात्रीपासून गाडी जागेवरच उभी असू द्या, सकाळी दूध आणायलाही ती काढू नका, कारण आपल्याला टायर थंड हवे आहेत.