लस घेतली, ताप आला आणि शुगर चढली! अशा वेळी काय करायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी जूनमध्ये आईने एकाच दिवशी दोन लसी घेतल्या, फ्लूची आणि न्यूमोनियाची. तिला डायबेटिस होऊन १९ वर्षं झाली, रात्री इन्सुलिन असतं. संध्याकाळपर्यंत अगदी ठणठणीत होती. नऊ वाजता हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. ताप १०१, जेवणाचं ताट तसंच. आणि मला म्हणते, "जेवलेच नाही गं, मग आज इन्सुलिन कशाला?"

मलाही ते पटलं होतं. पोटात काही गेलंच नाही, तर शुगर वाढेल कशी? तरी बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा आला २७४.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, सगळी मेख इथेच आहे. लस टोचली की आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात आणि काही रसायनं सोडतात. अंगदुखी, कणकण, ताप त्यातूनच येतो. अंगात ताप असला की कॉर्टिसोलसारखी हार्मोन्सही वाढतात. ती यकृतातली साखर रक्तात सोडायला लावतात, वर इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. म्हणजे तुम्ही उपाशी असलात तरी यकृत साखर ओतत राहतं.

म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. डोस बदलायचा का, ते डॉक्टर सांगतील. आम्ही रात्री दहाला फोन केला. इतक्या उशिरा करायला संकोच वाटत होता, पण केला.

गोळ्यांचं गणित वेगळं आहे. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलात तर शुगर एकदम उतरू शकते. उलट्या-जुलाब होत असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या बहुतेकदा तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायला सांगतात. ग्लिफ्लोझिनवाल्यांनी जास्त जपा, कारण शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, धोकादायक इतकी साठू शकतात. व्हिडिओ थांबवा आणि घरातली पाकिटं उलटून नावं वाचा. लस घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "जेवण गेलं नाही तर यातलं काय घेऊ, काय नको?" नंतर तापात हे सुचत नाही.

आईची शुगर आम्ही दर चार तासांनी बघितली. जेवण नको होतं, म्हणून मीठ घालून भाताची पेज दिली, वाटीभर, घोटघोट. पाणी सारखं चालू. तापासाठी पॅरासिटामॉल. डब्यात गुडघ्यासाठी आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या होत्या, त्यांना हात लावला नाही. डायबेटिसमध्ये किडनीवर आधीच ताण असू शकतो, अशा वेदनाशामक गोळ्यांनी तो आणखी वाढू शकतो.

लसीचा ताप बहुधा पहिल्या दिवशीच येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. तिसऱ्या दिवशीही असेल, किंवा खोकला, लघवीला जळजळ, पायाची जखम असं काही असेल, तर लसीवर ढकलून घरी बसू नका. फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यातून फ्लू होत नाही. तो खोकला दुसऱ्या कशाचा तरी आहे, तपासून घ्या.

श्वास जोरजोरात चालतोय, उलट्या थांबत नाहीत, माणूस गुंगीत जातोय, असं झालं तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. टोचल्यावर लगेच चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तरीही तेच. म्हणूनच लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, रिक्षा उभी असली तरी.

यंदा फक्त फ्लूचीच होती. शनिवारी घेतली, मी घरी असते म्हणून. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आईनेच आकडे लिहिले: १४८, १९२, १७६, १५१. ताप आला नाही. डावा दंड मात्र दुखत होता, दोन रात्री उजव्या कुशीवर झोपली.